माळवदातून खाली सोडलेली बाज

आमच्या औरंगपुऱ्यातल्या दुकानात लग्नाच्या व्हिडिओशिवाय दुसरं काही कधी झालं नव्हतं. नवरा शूटिंग करतो, मी कॉम्प्युटरवर मिक्सिंग करते, आणि माझा धाकटा भाऊ व्हीलचेअरवर बसून अल्बमची डिझाइनं करतो. बौद्धांची लग्नं, मराठ्यांची, मुसलमानांचे निकाह, आमची चर्चमधली, सगळ्यांचं काम आमच्याकडं येतं. गुलाबाच्या पाकळ्या हळूहळू पडायला लावण्यात माझा हात कुणी धरत नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण नवरा काय सांगायचा नाय. तर अशा दुकानात एका दुपारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले की चर्चच्या चॅनलसाठी प्रभूच्या एका चमत्काराची फिल्म करायची आहे. आणि ती तुम्हीच करायची.

मला इतका आनंद झाला की दुसरा चहा विचारायचं भानच राहिलं नाही. किती वर्षं मी नवऱ्याला म्हणत होते, अहो, हळद, अंतरपाट, बिदाई, परत हळद, ह्याच्या पलीकडं आपल्याला काही येतं का नाय? नवरा तर माझ्याहून वरताण. त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं की येशू पाण्यावरून चालतो तोच चमत्कार घ्यायचा, जायकवाडीच्या पाण्यावर ड्रोन फिरवायचा, खालून धुकं सोडायचं. येशूचं काम करणारा बुडाला तर जबाबदार कोण, असं पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण माझ्याच घरातून निघाली असणार.

पाळकसाहेबांनी मनात आधीच ठरवलेलं होतं. येशू एका घरात बोलत बसलाय, दारात मुंगी शिरायला जागा नाही. चार जण एका लुळ्या माणसाला बाजेवर घालून आणतात, आत जाता येईना म्हणून छतावर चढतात, छत उकरतात आणि बाज दोरांनी थेट येशूच्या पुढ्यात सोडतात. येशू आधी त्याला म्हणतो की तुझ्या पापांची माफी झाली. तिथं बसलेले धर्माचे जाणकार, म्हणजे परुशी, कुरकुर करतात की माफी देणारा हा कोण. मग तो म्हणतो, ऊठ. आणि माणूस उठतो. गंगापूरच्या बाजूला एका खेड्यात पाळकसाहेबांच्या नात्यातलं जुनं माळवदाचं घर होतं. लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. शेजारी स्लॅबचं घर झालं होतं, हे पाडायचंच होतं. लहानपणापासून ही गोष्ट मी संडे स्कूलमध्ये ऐकत आले, पण छत उकरतात म्हणजे नेमकं काय करतात हे मला कधी कळलं नव्हतं. माळवद म्हटल्यावर सगळं लख्ख दिसलं. अरे, हे तर आपल्याकडचंच घर.

माझा भाऊ तोवर कामात होता. स्क्रीनवर नवरानवरीच्या डोक्यामागं चंद्र बसवत होता. चंद्र बसवून झाल्यावर त्यानं खुर्ची वळवली.

"मग बाजेवरचा तो मीच," तो म्हणाला. "दुसरा कुणी घेतलात तर तुमचा एकबी अल्बम मी करायचा नाय."

त्याचं सांगायला पाहिजे. भाऊ आधी आमचा लायटिंगवाला होता. एका लग्नात मांडवाच्या खांबावर चढून हॅलोजन बांधताना वरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हा नुकती पंचविशी लागली होती त्याला. आईनं डॉक्टर केले, मालिश केली, व्यायाम करवले, आणि ते सगळं थकल्यावर प्रार्थनेनं आजार बरे करायच्या चंगाई सभा धरल्या. कुठं मैदानात मोठा तंबू, कुठं मंगल कार्यालय, बाहेरगावचा उपदेशक, छाती हादरवणारे स्पीकर आणि आजाऱ्यांची पुढं रांग. प्रार्थनेविरुद्ध मी अवाक्षर बोलणार नाही, प्रार्थनेवरच आमचं घर उभं राहिलं. पण तिथं काय व्हायचं? उपदेशक डोक्यावर हात ठेवून ऊठ म्हणायचा. दोघं जण काखेत हात घालून माझ्या भावाला उभं करायचे, हात सोडायचे, आणि तो पडायचा. मग आईला बाजूला घेऊन हळूच सांगायचे की तुमच्या पोराचा विश्वास कमी पडतोय, पुढच्या वेळी परत आणा. आई परत न्यायची. घरी आल्यावर तो भिंतीकडं तोंड करून पडायचा आणि आई स्वयंपाकघरात भांडी आपटायची. पुरे कर आता, असं मी एकदा तिला म्हणाले, तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

त्या संध्याकाळी भावाला घरी सोडायला गेले आणि आईला फिल्मचं सांगितलं. तिचा चेहरा इतका उजळला की मला धस्स झालं. तिच्या हिशेबानं आता उपदेशकाचं कामच उरलं नव्हतं. गोष्ट प्रभूची, शब्द प्रभूचे, आणि त्या बाजेवर तिचा लेक. त्या दिवशी तो उठणारच, असं तिनं मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं, जसं काही उद्या दूधवाला येणार आहे. भाऊ दारातून ऐकत होता.

"आई, आपलं एक ठरू दे," तो म्हणाला. "मी त्या बाजेवर झोपतो. त्यानं ऊठ म्हटल्यावर उठलो तर उठलो. नाय उठलो, तर ह्याच्यापुढं एकाबी सभेला मला न्यायचं नाय. कुणी कितीबी सांगू दे."

आईनं लाटणं खाली ठेवलं, पिठाचे हात पुसले आणि बरं म्हणाली. एवढ्या पटकन कबूल झाली, कारण तिला खात्री होती. भावालाही खात्री होती, उलटी. मी दोघांच्या मधे पोळपाट धरून उभी. मला तर दोघांतलं कुणीच हरायला नको होतं, आणि असं कसं होणार ते काही सुचेना.

पण तयारीला लागलो आणि बाकीचं सगळं विसरायला झालं. काय ते दिवस! लग्नाच्या तिथी नव्हत्या, दुकान मोकळं होतं. मी बेडशीटं फाडून झगे शिवले. चर्चच्या पंच मंडळींना परुशी व्हायचं होतं, आणि झग्याला काठ पाहिजे म्हणून त्यांच्यात अशी चुरस लागली की मला जुन्या साड्यांचे काठ उसवावे लागले. येशूचं काम एसटीतल्या एका कंडक्टरला दिलं. आमच्या चर्चमध्ये गाणी तोच उचलतो, आवाज खणखणीत, दाढी वाढवायची त्याला लई हौस, लांब केसांचा तेवढा टोप आणला. बोलणं आपल्याच भाषेत ठेवायचं, पुस्तकी नको, हा हट्ट माझा. पाळकसाहेबांनी दोन दिवस विचार करून हो म्हटलं. आता राहिला शेवट. माणूस उठतो तो शॉट कुणाचा घ्यायचा? फक्त पाय दाखवायचे ठरलं, आणि भावाच्या पायांसारखे काटकुळे पाय आमच्या सगळ्या गोतावळ्यात एकाचेच निघाले. माझ्या नवऱ्याचे. त्याला राग आला, पण आरशात बघितल्यावर कबूल झाला.

शूटिंगच्या दिवशी आम्ही दोन गाड्या करून उजाडता उजाडता निघालो. आई आदल्या दिवसापासून उपाशी होती. पाणीसुद्धा घोटभरच. गाडीत ती भावाच्या शेजारी बसली होती आणि तिच्या पिशवीतून नव्या चपलांचा खोका डोकावत होता. कुणासाठी ते मी विचारलं नाही. भावानंही बघितला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

गावात पोचलो आणि माझं डोकंच फिरलं. शूटिंग आहे म्हटल्यावर गाव नटून आलेलं. बायका जरीच्या साड्यांत, पुरुष कडक इस्त्रीत, कुणाच्या हातात घड्याळ, कुणाच्या डोळ्यांवर गॉगल. ख्रिस्ती घरं गावात मोजकीच, पण आलं सगळं गाव, आणि मदतीला एकानंही नाही म्हटलं नाही. बेडशीटं वाटता वाटता माझा घसा बसला. पंचांपैकी एक जण चष्मा काढायला तयार होईना. दिसत नाही म्हणे. परुशाला काय दिसायचंय, नुसती कुरकुर तर करायची, असं मी त्यांना म्हणाले. वयानं मोठे आहेत, पण तेव्हा मला मोठंधाकटं कळत नव्हतं.

आणि कॅमेरा सुरू झाला की आख्खी गर्दी कॅमेऱ्याकडं बघून हसायची. चूक त्यांची नाही. लग्नाचं शूटिंग तसंच असतं, नवऱ्यानं आयुष्यभर लोकांना इकडं बघा, इकडं बघा हेच सांगितलंय. त्याची दुसरी सवय त्याहून वाईट. लग्नात मंगळसूत्र घातलं, हार घातला, की तो कॅमेऱ्यामागून म्हणतो, मस्त, परत एकदा. नवरदेव बिचारा परत घालतो. एकेका लग्नात आम्ही दोन-दोनदा लग्न लावलंय. इथं पण तेच. गर्दी आत शिरली, परत एकदा. परुशी कुरकुरले, परत एकदा. त्यात उसाचे ट्रॅक्टर. कारखाना जोरात, दर थोड्या वेळानं एक ट्रॅक्टर मागं दोन ट्रॉल्या घेऊन, गाणी ठणाणा लावून जायचा. येशूनं तोंड उघडलं की ट्रॅक्टर आलाच. कंडक्टर वैतागून गर्दीला पुढं सरका, पुढं सरका म्हणायला लागला, तेव्हा मी हसू आवरायला बाहेर गेले.

माळवद उकरायचा शॉट मात्र असा झाला की अजून आठवलं की अंगात वारं भरतं. वर चार तरणी पोरं, आमच्याच चर्चची, कुदळी घेऊन. उजेडासाठी माळवदाला एक भोक होतंच, तेच मोठं करायचं होतं. आत नवरा कॅमेरा वर करून बसलेला. पहिला घाव पडला, माती सांडली, दुसरा, तिसरा, आणि एकदम उन्हाचा लोट आत आला. धूळ त्या उन्हात अशी फिरायला लागली की माझ्या तोंडून आई गं निघालं. कसल्या पाकळ्या अन् कसलं काय! कंडक्टरच्या केसांत ढेकळं, परुशांच्या चष्म्यावर माती, सगळं खरंखुरं. तेवढ्यात फळीतून एक विंचू टपकन परुशांच्या पुढ्यात पडला. धर्माचे जाणकार झगे गुडघ्यापर्यंत धरून असे पळाले की दारात अडकले. विंचू बाहेर टाकून झाल्यावर नवरा म्हणाला, परत एकदा.

मग भावाला वर न्यायचं होतं. पोरांनी बाज खांद्यावर घेतली आणि बाहेरच्या दगडी पायऱ्यांवरून त्याला माळवदावर चढवलं. मी मागोमाग. पडल्यापासून तो कुठल्या उंच जागी गेला नव्हता, मला वाटलं घाबरेल. त्यानं बाजेवर पडल्या पडल्या मान वळवून चौफेर बघितलं. ऊस, कापसाच्या पऱ्हाट्या, लांब रस्त्यावरनं जाणारी जीप. जरा थांबा म्हणाला, आणि आम्ही थांबलो. मग त्यानं दोर बांधणाऱ्या पोरांना विचारलं की हे दोर कुठले, तर म्हशीला विहिरीतून काढलं होतं तेच. म्हैस जिवंत आहे का, असं त्यानं विचारलं. आहे म्हणाले. मग चालू करा, म्हणाला.

मी खाली पळाले. आई गर्दीत सगळ्यात पुढं, भिंतीला टेकून उभी होती. बेडशीट तिनं डोक्यावरून घेतलं होतं आणि दोन्ही हात छातीशी. चपलांचा खोका तिच्या पायाशी होता. मी तो उचलून कॅमेऱ्याबाहेर ठेवायला गेले, तर तिनं पाय पुढं करून अडवला. बाज वरून सुटली. दोर करकरले, बाज जराशी कलंडली, सगळ्यांनी श्वास धरला, पोरांनी सांभाळली. उन्हाच्या त्या लोटातून माझा भाऊ खाली येत होता, अंगावर माती सांडत होती, आणि मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हे खरंच घडतंय. मी मिक्सिंगवाली, दुसऱ्यांच्या अश्रूंवर संगीत टाकणारी, पण माझे हात आपोआप जोडले गेले.

बाज जमिनीला टेकली. कंडक्टर खाली वाकला, पोरा, तुझ्या पापांची माफी झाली असं म्हणाला. परुशांनी कुरकुर केली, पहिल्यांदाच धड केली. खरं तर ठरलेलं असं होतं की पुढचे शब्द म्हणायचे, भावानं नुसतं हसायचं, तिथं कट करायचं आणि मग नवऱ्याचे पाय. कंडक्टर सरळ उभा राहिला. एकही ट्रॅक्टर आला नाही.

"ऊठ," तो म्हणाला. "बाज उचल अन् घरी जा."

कुणी हललं नाही. मी आईकडं बघितलं, पाळकसाहेबांकडं बघितलं, गॉगल काढून ठेवलेल्या त्या गावकऱ्यांकडं बघितलं. सगळे वाट बघत होते. सगळे. मीसुद्धा.

आणि माझा भाऊ हसला नाही. त्यानं बाजेच्या दोन्ही बाजूंची लाकडं धरली आणि जोर केला. असं करायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खांदे वर आले, मानेच्या शिरा टरारल्या, दात ओठांत रुतले, तोंड लालबुंद झालं, घाम मातीतून ओघळायला लागला. बाजेची सुंभाची वीण करकरत होती. लहानपणापासून मी त्याला ओळखते, खोटं वागायला लागला की त्याची डावी भुवई वर जाते. तो खोटं करत नव्हता. तो उठत होता. सगळा जीव एकवटून उठत होता, आणि कमरेखाली तसूभर काही हलत नव्हतं. किती वेळ धरून ठेवलं त्यानं तसं, मला माहीत नाही. मग हातांतला जोर संपला आणि तो मागं टेकला.

आणि त्या शांततेत कॅमेऱ्यामागून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "मस्त. परत एकदा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुद्दाम म्हणाला नव्हता तो, जीभच तशी वळलेली, डोळे त्याचेही भरले होते, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी नुसती धावले त्याच्या अंगावर, सगळ्या गावासमोर त्याचा पाणउतारा करायला. पण माझ्या आधी आई पुढं झाली. सरळ कॅमेऱ्यासमोर चालत गेली.

"नको, जावईबापू," ती म्हणाली. "परत नको."

हीच माझी आई. आजवर दर सभेनंतर परत नेऊ म्हणणारी. ती बाजेच्या कडेला बसली, पदरानं त्याच्या तोंडावरची माती पुसायला लागली, आणि पुसता पुसता तिचा आवाज फुटला.

"लोकं म्हणायचे ह्याचा विश्वास कमी पडतो. अन् मी बी तसंच समजत होते रे. किती जोर केलास तू, लेकरा. किती जोर केलास."

माझा भाऊ एवढ्या वर्षांत आईसमोर रडला नव्हता. तेव्हा रडला, तिच्या मांडीवर डोकं टाकून, मोठ्यानं. मी रडले. कंडक्टर केसांचा टोप हातात घेऊन जमिनीवरच बसला. वरून माळवदाच्या भोकातून चार पोरं वाकून बघत होती, त्यांचीही तोंडं रडवेली. मला दुःख झालं असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. माझ्या छातीवरून काहीतरी जड उतरलं होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

पाळकसाहेब पुढं आले. फिल्म इथंच थांबवू या, उठण्याचा शॉट नकोच, असं त्यांचं म्हणणं पडलं. आता ते दाखवायला मन धजत नाही म्हणाले. कुणाचंच धजत नव्हतं. भावानं नाक शिंकरलं आणि कोपरावर भार देऊन वर झाला.

"पाळकसाहेब, उठलो नाय तो मी," तो म्हणाला. "तो माणूस उठला होता. माझ्यामुळं त्याला कशाला झोपवून ठेवता? दाजी, काढा चपला."

मग काय विचारता! नवऱ्यानं पॅंट वर केली, झगा चढवला, आणि कॅमेरा मी घेतला. त्याच्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे पांढरे डाग उठून दिसत होते, ते चिखल चोळून बुजवले. पहिल्यांदा तो असा उठला, जसा लाईट गेल्यावर पंख्याखालून उठतो. आनंद नको का माणसाला, असं भाऊ बाजूनं ओरडला. दुसऱ्यांदा फार नाचला. तिसऱ्यांदा बाजेत पाय अडकला. मी दर वेळी गोड आवाजात मस्त, परत एकदा म्हणत होते, आणि गाव पोट धरून हसत होतं. आई पण. ती तेव्हा गूळशेंगदाणे खात बसली होती, गावातल्या एका बाईनं उपास सोडायला दिलेले. शेवटी जमलं. पावलं जमिनीला टेकली, बोटं पसरली, टाच ठरली. तेवढा एक शॉट माझा आहे, आणि माझ्या मते फिल्ममधला तोच सगळ्यात चांगला. त्या नव्या चपला नवऱ्याच्या पायात बरोब्बर बसल्या. आईनं त्याला देऊन टाकल्या.

मिक्सिंगला बसले तेव्हा मला पाकळ्या, चकाकी, काही लागलं नाही. भावाच्या मुठी बाजेच्या लाकडावर आवळल्या जातात, आणि तिथून थेट पावलं जमिनीवर. मधे संगीतसुद्धा ठेवलं नाही, नुसती सुंभाची करकर. आईचं बोलणं मी फिल्ममध्ये घेतलं नाही, ते आमचं आमच्याकडं राहू दिलं. भाऊ शेजारच्या कॉम्प्युटरवरून सारखा डोकावत होता आणि माझा रंग जरा पिवळा ठेव, माझा रंग जरा पिवळा ठेव म्हणत होता. आजारी दिसायला पाहिजे म्हणे.

ईस्टरच्या संध्याकाळी चर्चमध्ये पांढऱ्या पडद्यावर फिल्म दाखवली. बाकांवर जागा उरली नाही, लोक खिडक्यांत बसले. माळवद फुटून ऊन आत आलं तेव्हा लेकरं किंचाळली. बाज खाली यायला लागली तेव्हा मागची माणसं उभी राहिली. आणि पावलं जमिनीला टेकली तशी सगळी मंडळी टाळ्या वाजवायला लागली. कुणी हालेलुया, कुणी आमेन, आणि ज्याचे ते पाय नव्हतेच तो माझा भाऊ पहिल्या बाकाशेजारी व्हीलचेअरवर बसून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होता. माझे हात टाळ्या वाजवून लाल झाले. इतक्या लग्नांचे व्हिडिओ केले, पण लोक असे उभे राहिलेले मी कधी बघितले नव्हते.

बाहेर पडताना गर्दीत एक ओळखीच्या बाई आईजवळ आल्या. डोळे पुसत होत्या. तुमच्या लेकाला बघून काळीज हललं म्हणाल्या, आणि पर्समधून हँडबिल काढून आईच्या हातात ठेवलं. पुढच्या आठवड्यात मोठी सभा आहे, बाहेरगावचे उपदेशक येतायत, त्याला आणाच, आता फक्त त्याचा विश्वास तेवढा वाढायला पाहिजे, असं त्या अगदी मायेनं सांगत होत्या. मी कंबर कसून पुढं सरसावले. भावानं खुर्चीतून आईकडं बघितलं. वचन तिनं दिलं होतं, पण अशी वचनं आईनं आधीही देऊन मोडली होती.

आईनं हँडबिलाची घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"त्याच्या विश्वासाचं मला नका सांगू, बाई," ती म्हणाली. "तो मी ह्या डोळ्यांनी बघितलाय."

मग तिनं खुर्चीची मूठ धरली आणि गर्दीतून वाट काढत फाटकाकडं निघाली. वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगत होती की बाजेवरचा तो ह्योच, माझा पोरगा.